दम लागण्याआधी घरात ठरवायच्या गोष्टी

'हार्टचं पंपिंग कमी झालंय' हे वाक्य धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक कुटुंबांच्या कानावर पहिल्यांदा पडते ते सोलापूर, बार्शी किंवा लातूरच्या दवाखान्यात. टूडी इकोच्या कागदावर ३० किंवा २५ टक्के असा आकडा असतो, लघवीच्या गोळीसह मूठभर औषधे लिहून मिळतात, पंधरा दिवसांनी दाखवायला या म्हणून सुट्टी होते. सूज उतरलेली असते, दम थांबलेला असतो, आणि घराला वाटते की संकट टळले. काही महिन्यांनी मध्यरात्री पुन्हा धाप लागते आणि गाडी कोणाची, पैसे किती, जायचे कुठे हे सगळे प्रश्न एकदम उभे राहतात. माझे म्हणणे असे आहे की या आजारात त्रास कमी करणारी घरची सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, ही उपचार थकल्यावर सुरू करायची गोष्ट नाही. ती उपचारांच्या बरोबरीने, फार तर दुसऱ्यांदा ॲडमिट व्हावे लागले की त्याच सुट्टीच्या दिवसापासून सुरू व्हायला हवी. आणि तिचा मोठा भाग महागड्या साधनांचा नाही. पेशंट बरा असताना घेतलेल्या आणि कागदावर उतरवलेल्या काही निर्णयांचा आहे.

उशीर का होतो, याचे कारण आजाराच्या स्वभावात सापडते. बऱ्याच कॅन्सरमध्ये एका टप्प्यानंतर प्रकृती ढासळत चालली हे घरच्यांना दिसते. हृदय निकामी होण्याच्या आजारात तसे होत नाही. रुग्ण एकदा खूप खाली जातो, औषधांनी पुन्हा वर येतो, शेतात चक्करही मारून येतो, पुढच्या खेपेला थोडा कमी सावरतो, आणि कुठली खेप शेवटची हे तज्ज्ञ डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे 'आता शेवटची अवस्था आली, आता घरची सेवा बघू' असे म्हणण्याचा क्षण स्पष्टपणे येतच नाही. त्याची वाट पाहणारे कुटुंब बहुधा अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरच पोहोचते. परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांना कॅन्सरच्या रुग्णाची विचारपूस गावात येऊन कशी होते हे परके नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलशी जोडलेली, १९८७ साली सुरू झालेली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीबरोबर याच दोन तालुक्यांतल्या गावांतही काम करत आली आहे. हृदयाच्या रुग्णासाठी अशी घडी बसलेली नाही, आणि आजार मात्र त्याहून हलका नाही. त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर नोंदणीत २०१३ साली रुग्णालयात दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांचा पाठपुरावा झाला. त्यांचे सरासरी वय ६१ होते आणि पाच वर्षांत त्यांतले ५९ टक्के रुग्ण दगावले. शिफारस केलेली सगळी औषधे मिळालेल्यांत मृत्यू कमी होते, पण असे रुग्ण अल्पसंख्य होते. म्हणून घरची सेवा सुरू झाली म्हणजे हृदयाच्या गोळ्या बंद, हा समज पहिल्याच दिवशी काढून टाकावा. या आजारात धाप आणि सूज कमी करणारी मुख्य औषधे तीच आहेत. आणखी एक भीती इथेच दूर करतो. पंपिंग ३० टक्के म्हणजे हृदयाचा ७० टक्के भाग मेला असे नव्हे. निरोगी हृदयदेखील एका ठोक्यात आतले सगळे रक्त बाहेर फेकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच फेकते.

घरी येऊन केलेल्या सेवेचा उपयोग होतो, याला पुरावा आहे. स्वीडनमध्ये आजार बराच वाढलेल्या ७२ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याबरोबर घरी पॅलिएटिव्ह सेवा. सहा महिन्यांत नेहमीच्या गटात ५३ वेळा रुग्णालयात भरती करावी लागली, घरी सेवा मिळालेल्या गटात १५ वेळा. हाँगकाँगमध्ये ८४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सुट्टीनंतर घरी भेटी आणि फोन यांची जोड दिली, तेव्हा १२ आठवड्यांत पुन्हा भरती होणाऱ्यांचे प्रमाण ६१ टक्क्यांवरून सुमारे ३४ टक्क्यांवर आले. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या १५० रुग्णांच्या चाचणीत आयुष्य वाढले नाही, पण त्रास, चिंता आणि खिन्नता कमी झाली. या चाचण्या लहान आहेत आणि प्रशिक्षित परिचारिका असलेल्या श्रीमंत देशांतल्या आहेत, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्यांतून फायदा कशाने झाला ते पाहिले तर त्यात यंत्रे फारशी दिसत नाहीत. अंगात पाणी साठू लागल्याचे लवकर ओळखणे, कोणाला फोन करायचा हे ठाऊक असणे आणि काय करायचे ते आधी ठरलेले असणे, अशा गोष्टी त्यांत ठळकपणे दिसतात. त्या वाशी किंवा लोहारा तालुक्यातल्या गावातही जमण्यासारख्या आहेत.

'गावातल्या आशाताईंना हृदयातले काय कळणार' असे यावर कोणी म्हणेल. गावातल्या प्रशिक्षित बाईवर जिवाचे काम सोपवता येते का, याचे उत्तर महाराष्ट्रानेच एकदा दिले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्या महिलांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. आपल्या जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' म्हणून गावातल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले. बाळांचे यश हृदयाच्या रुग्णाला जसेच्या तसे लागू होते असा दावा मी करणार नाही. पण वजन नोंदवणे, सूज तपासणे, ठरलेल्या खुणेला ठरलेला फोन करणे हे काम नवजात बाळाच्या श्वासावर नजर ठेवण्यापेक्षा अवघड नाही. उपकेंद्राच्या जागी झालेल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि तिथल्या १२ ठरलेल्या सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा धरलेली आहे. पाटीवरची प्रत्येक सेवा प्रत्येक ठिकाणी मिळतेच असे नाही, हे खरे. पण तुमच्या घरात असा रुग्ण आहे हे तिथे कळलेच नाही, तर मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. सुट्टी झाल्यावर आठवडाभरात डिस्चार्ज कार्ड घेऊन तिथे जा, रुग्णाचे नाव नोंदवा, रक्तदाब आणि बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन मोजून घ्या. तिथूनच ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला मिळतो का, तेही विचारा.

सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांकडून चार ओळी लिहून घेतल्या तर पुढचे अर्धे काम होते. आज पेशंटचे कोरडे, म्हणजे सूज उतरलेले, वजन किती? किती वाढले की लघवीच्या गोळीचा जादा डोस द्यायचा, किती आणि किती दिवस? जुलाब-उलट्या झाल्या, खाणेपिणे सुटले तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या? आणि अडचण आली तर कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळेत फोन करायचा? यांतला दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. फ्रुसेमाइड किंवा टॉर्सेमाइड या लघवीच्या गोळीचा जादा डोस दोन दिवस आधी पोटात गेला तर पुष्कळदा भरतीच टळते. पण लेखी परवानगी नसेल तर घरचे घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. मनाने डोस वाढवला तर मूत्रपिंडावर ताण येतो, पोटॅशियम बिघडते. वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर करावे आणि कॅलेंडरच्या तारखेखाली लिहावे. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ झाली तर ती अंगाला लागलेल्या जेवणाची नसते, पाण्याची असते. घरात काटा नसेल तर दुसऱ्या खुणा आहेत. घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा राहतो का, चपलेचा पट्टा किंवा जोडवी रुतायला लागली का, काल एका उशीवर झोपणारा माणूस आज तीन उशा मागतो का, रात्री दम लागून उठून बसतो का. लघवीची गोळी सकाळी द्यावी. दुसरा डोस असेल तर तो दुपारपर्यंत, म्हणजे रात्रभर उठावे लागत नाही आणि अंधारात परसाकडे जाताना पडणेही टळते.

आता ज्या गोष्टीने आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान होते असे मला वाटते तिच्याबद्दल. माणूस थकला, जेवेना, की 'एक सलाईन लावून घेऊ' हा आपल्या भागातला पहिला उपाय. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ज्या हृदयाला अंगातले पाणी आधीच झेपत नाही, त्याच्या शिरेत तासाभरात ही बाटली सोडली तर संध्याकाळपर्यंत फुप्फुसात पाणी भरू शकते. या आजारातला अशक्तपणा बाटलीने जात नाही, कारण तो पाण्याच्या कमतरतेचा नसतो. जुलाब, उलट्या, ऊन यांमुळे खरेच पाणी कमी झालेले असेल तर सलाईन लागूही शकते, पण तो निर्णय आजार माहीत असलेल्या डॉक्टरने तपासून घ्यायचा असतो. गावातल्या डॉक्टरांवर यात दोष ठेवण्याचे कारण नाही. पुष्कळदा घरचेच आग्रह धरतात आणि डिस्चार्ज कार्ड दाखवतही नाहीत. कार्डाच्या वरच्या बाजूला लाल शाईने 'हार्ट फेल्युअर: विचारल्याशिवाय सलाईन नको' असे लिहून ठेवा. तसेच गुडघे-कंबरदुखीच्या गोळ्यांचे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची औषधे अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम मारतात. दुखत असेल तर पॅरासिटामॉलबद्दल विचारा, मात्र पाण्यात विरघळवायची फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम असते.

मिठाबाबत आपल्याकडे दोन टोके दिसतात. एका घरात लोणचे, पापड, ठेचा, खारवलेल्या मिरच्या नेहमीसारख्या चालू असतात, दुसऱ्या घरात पेशंटला इतके अळणी वाढतात की तो जेवणच सोडतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अतिशय कडक मीठबंदीने मृत्यू किंवा भरती कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणून माझा सल्ला मधला आहे: वरून मीठ घ्यायचे नाही, खारवलेले पदार्थ आणि खाण्याचा सोडा टाळायचा, भाकरीचे पीठ बिनमिठाचे मळायचे, पण भाजीत चवीपुरते राहू द्यायचे. आजार फार पुढे गेल्यावर दोन घास आवडीने जाणे हे त्या दिवसाचे मोठे काम असते, तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीवरून वाद घालू नये. सैंधव मीठ सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. तेही सोडियमच. 'लो सोडियम' मीठ तर विचारल्याशिवाय आणूच नये, त्यात पोटॅशियम असते आणि या रुग्णांच्या काही गोळ्या पोटॅशियम आधीच वाढवतात. पाणी किती प्यायचे हे डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे, पण आपला उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो हे त्यांनाही आठवण करून द्यावे. चक्कर, कोरडी जीभ, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी ही पाणी कमी पडल्याची चिन्हे आहेत, आणि मे महिन्यात गोळ्यांचा डोस बदलावा लागू शकतो. नवरात्रात तुळजाभवानीचे नऊ दिवसांचे उपवास करणाऱ्या बाईला 'सोडा' म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारून फराळ, औषधे आणि पाणी यांचे गणित बसवता येते का ते पाहावे. तिच्यासाठी ते व्रत हीसुद्धा जगण्याची उभारी असते.

धाप लागली की घरात धावपळ होते आणि ती पाहून पेशंट आणखी घाबरतो. भीतीने श्वास उथळ होतो, त्याने धाप वाढते. तेव्हा सगळ्यात आधी गर्दी हटवा. पेशंटला आडवे करू नका. पाय खाली सोडून बसवा, पुढे स्टूल किंवा खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून तिच्यावर हात आणि डोके टेकू द्या. बाजेवर पाठ खड्ड्यात जाते, त्यापेक्षा पक्का पलंग आणि पाठीशी लोड बरा; पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या तरी चालते. चेहऱ्यावर, नाक-गालांच्या भागावर पंख्याची झुळूक घ्यावी. हातपंख्याने धापेची जाणीव कमी होते हे चाचण्यांत दिसले आहे, आणि त्याला लाइट जाण्याची भीती नाही. ऑक्सिजनचे मशीन भाड्याने आणण्याआधी बोटावरचा आकडा पाहा. रक्तातला ऑक्सिजन ठीक असेल तर नळीतून येणारा ऑक्सिजन साध्या हवेपेक्षा जास्त आराम देत नाही, असे २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या २३९ रुग्णांच्या चाचणीत दिसले. तो पैसा दुसरीकडे लागेल. सगळे उपाय करूनही धाप राहते तेव्हा काही डॉक्टर मॉर्फिनचा अगदी लहान डोस देतात. हृदयाच्या रुग्णांतल्या धापेवर त्याचा किती उपयोग होतो, याबद्दल चाचण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर फार जपावे लागते. पण नाव ऐकूनच नाकारू नये. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यता मिळालेल्या रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले आहे. धाराशिवच्या शासकीय रुग्णालयात किंवा कॅन्सरवर उपचार करणाऱ्या जवळच्या संस्थेत त्याची चौकशी करावी.

'आबांना काही सांगू नका, धसका घेतील.' बहुतेक घरांत हा नियम प्रेमापोटी होतो. त्याची किंमत मात्र रुग्णालाच मोजावी लागते. ज्याला काहीच सांगितलेले नाही, तो आपल्याला काय हवे ते सांगू शकत नाही. पुन्हा व्हेंटिलेटर हवे का, शेवटचे दिवस कुठे काढायचे, कोणत्या लेकीला भेटायचे राहिले आहे, सातबाऱ्याचे काय करायचे, हे प्रश्न दुसरेच लोक घाईत सोडवतात. वर सांगितलेल्या अमेरिकी चाचणीत रुग्णांशी भविष्याबद्दल बोलणे हा सेवेचाच भाग होता आणि तिथे खिन्नता वाढली नाही, कमी झाली. सगळे एका दमात सांगावे असे मी म्हणत नाही. 'डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय का, की आम्हीच बघून घेऊ?' असे विचारावे. 'तुम्हीच बघा' असे उत्तर आले तर तेही त्यांचेच म्हणणे, ते पाळावे. जे ऐकू इच्छितात त्यांच्यासाठी कायद्याची वाटही मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. तेवढे जमले नाही तरी रुग्णाची इच्छा त्याच्या समोर, सगळ्या भावंडांच्या कानावर घालून वहीत लिहून ठेवावी. शेवटच्या रात्री पुण्याहून आलेला मुलगा आणि वर्षभर सेवा केलेली सून यांच्यात होणारे भांडण त्याने पुष्कळदा टळते.

सर्वांत खरा आक्षेप हा की घरी बघणार कोण. कळंब, भूम, वाशी, परांडा या भागांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबे जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, आणि म्हातारी माणसे मागे राहतात. जिथे माणूस घरी असते तिथे सगळा भार बहुधा एकाच बाईवर पडतो. याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही, आणि घरी कोणीच नसेल तर घरच्या सेवेचा आग्रह धरणे हा त्या रुग्णावर अन्यायच होईल. पण तोडीला जाण्याआधी काही गोष्टी करता येतात. गोळ्यांचे सकाळ-दुपार असे कप्पे महिनाभरासाठी लावून द्या, शेजारच्या एका माणसाला आणि आशाताईंना वजनाच्या खुणा समजावून सांगा, मुकादमाचा नंबर त्यांच्याकडे ठेवा, आणि पेशंटचा आजार अगदी पुढे गेला असेल तर त्या हंगामात एकाने तरी मागे राहण्याचा विचार उचल घेण्यापूर्वी करा, उचल घेतल्यावर नव्हे. सेवा करणाऱ्या सुनेला किंवा पत्नीला आठवड्यातून एक दिवस आणि रोज रात्री सलग काही तास झोप मिळाली पाहिजे. नणंदा-जावांनी पाळी लावून घ्यावी. हा उपचाराचाच भाग समजा, कारण ती आजारी पडली की घरची सेवा त्याच दिवशी संपते. खर्चाच्या बाबतीत, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. नेहमीच्या गोळ्या आधी तिथे मागा, नसतील तर जनऔषधी केंद्रात बघा, मग बाजारातून घ्या.

घर म्हणजे दवाखान्याला पाठ फिरवणे नव्हे. छातीत न थांबणारी कळ, शुद्ध हरपणे, ओठ निळे पडणे, गुलाबी फेसाळ थुंकी, अचानक बडबड किंवा गोंधळ असे काही दिसले तर १०८ ला फोन करा, फक्त रुग्णाने आणि डॉक्टरांनी मिळून आधीच वेगळे ठरवले नसेल तर. वेगळे ठरले असेल तर ते फ्रिजवर किंवा देवघराशेजारी सर्वांना दिसेल असे लावून ठेवा. शेवटच्या आठवड्यांत गिळणे जड होते, तेव्हा कोणती औषधे कमी करायची ते विचारा. आयुष्य थोडे उरलेल्या ३८१ रुग्णांच्या चाचणीत कोलेस्टेरॉलची गोळी थांबवल्याने मृत्यू वाढल्याचे दिसले नाही आणि रुग्णांना उलट बरे वाटले. लघवीची गोळी आणि त्रास कमी करणारी औषधे मात्र बहुधा शेवटपर्यंत लागतात. दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाड रोज पाहा, तोंड ओल्या कापसाने पुसत राहा. माणूस अर्धवट शुद्धीत असताना पाणी किंवा दूध घशात ओतू नका, ते फुप्फुसात जाते. मृत्यू घरीच झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणाचा दाखला घ्या आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंद करा. वारस नोंदीपासून विम्यापर्यंत पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. मॉर्फिनच्या गोळ्या उरल्या असतील तर त्या ज्या रुग्णालयाने दिल्या तिथेच परत करा.